वाचक विचारतात : जुनी ९११ घ्यावी की नवी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त बोब्लिंगेनला असतो. पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार घ्यायची फार वर्षांची इच्छा आता पुरी होईल असं दिसतंय. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक १९८७ची करेरा ३.२ कूपे, पाच गिअरची. दुसरी २०२०ची करेरा एस, म्हणजे ९९२ या पिढीतली, ऑटोमॅटिक. किमतीत फार अंतर नाही. घरात रोजची गाडी वेगळी आहे. मुलगी चार वर्षांची आहे. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर नव्या गाडीत घाला. कागदावर पाहिलं तर नवी सगळ्याच बाबतीत सरस दिसते. मग जुनीत लोकांना एवढं काय दिसतं? तुम्ही स्टुटगार्टला, पोर्शेच्या गावी, काम केलं आहे, म्हणून तुम्हाला विचारतोय.
— एक वाचक, बोब्लिंगेन, जर्मनी

उत्तर : तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘रोजची गाडी वेगळी आहे’. ते नसतं तर ९९२ घ्या म्हणून मोकळी झाले असते. ते आहे, म्हणून माझं मत जुनीला.

कागदाचं आधी बोलू, कारण जुन्या गाड्यांचे चाहते इथेच आडवळणाने बोलायला लागतात. तेव्हाचा पत्रा कसा जाड होता, तेव्हाचं इंजिन कसं दणकट होतं, वगैरे. तसं काही नाही. ८७च्या करेराचं ३१६४ सीसीचं इंजिन २३१ अश्वशक्ती देतं आणि गाडी शून्यापासून शंभरचा वेग ६.१ सेकंदांत गाठते. ९९२ करेरा एसचं इंजिन उलट लहान, ३ लिटरचं, पण त्याला दोन टर्बो आहेत. ताकद ४५० अश्वशक्ती आणि शंभरला ३.७ सेकंद. ब्रेक, दिवे, एसी, पावसातली पकड, अपघातात माणूस वाचण्याची शक्यता, कशातही जुनी नवीच्या जवळ येत नाही. जुनीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पॉवर स्टेअरिंग नाही. ९११ला एबीएस आणि पॉवर स्टेअरिंग मिळालं ते १९८९मध्ये आलेल्या ९६४ मॉडेलपासून. हे सगळं मान्य करूनच पुढचं वाचा.

तुम्ही गाडी चालवणार कुठे? ऑटोबान महामार्गावर वेगाला मोकळीक मिळेलही, पण तिथे स्टेअरिंग सरळ धरून बसायचं, त्यात करण्यासारखं काही नसतं. गंमत आहे ती गावांबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, आणि तिथे शंभरची मर्यादा आहे. ९९२ त्या मर्यादेला चार सेकंदांच्या आत पोहोचते, आणि पुढचा सगळा वेळ तुम्ही तिला आवरत बसता. वळणांवरही तेच. मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद आहेत. कायद्याच्या वेगात त्या टायरांना कष्टच पडत नाहीत. गाडी वळते आणि निघून जाते. तिला खरंच काय येतं ते पाहायचं तर हॉकेनहाइमसारख्या ट्रॅकवर न्यावी लागेल. जुनीचं तसं नाही. साठ ते शंभर या पट्ट्यात ती पूर्ण कामाला लागलेली असते, आणि तिच्याबरोबर तुम्हीही.

मी स्टुटगार्टला गिअरबॉक्स चाचणीच्या कामावर होते तेव्हा आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे ८८ची करेरा होती. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणारा ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५०० हा रस्ता तुमच्या ओळखीचा असेलच. त्या रस्त्यावर त्यांनी मला ती चालवायला दिली. पुढे बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त गेले तेव्हा त्याच रस्त्यावर ९९२ हाती आली. त्यामुळे माझी तुलना तरी एकाच रस्त्यावरची आहे.

जुनीत बसलं की पहिली गोष्ट जाणवते ती पेडलांची. ती वरून लोंबत नाहीत, जमिनीला बिजागरीने जोडलेली असतात. त्यामुळे टाच कुठे टेकायची ते पायाला नव्याने शिकवावं लागतं. किल्ली स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला. समोर पाच गोल मीटर, आणि मधला मोठा मीटर वेगाचा नाही, इंजिनच्या फेऱ्यांचा. इंजिन सुरू झालं की मागून आधी पंख्याचा आवाज येतो, कारण पाण्याचं रेडिएटर नाहीच. मोठा पंखा सिलिंडरांवर हवा मारतो आणि उरलेलं काम ऑइल करतं. पार्किंगमधून काढताना स्टेअरिंगला दोन्ही खांदे लावावे लागतात. चाकं फिरायला लागली की ते हलकं होतं, कारण इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे आणि पुढच्या चाकांवर भार कमी. मग रस्त्यावरची प्रत्येक उंचसखल जागा तळहातात येते. स्टेअरिंग सतत बारीक हलत राहतं. पहिल्यांदा मी ते घट्ट आवळून धरलं होतं. शेजारी बसलेले सहकारी म्हणाले, सैल सोड, ती आपली वाट शोधते. सैल सोडल्यावर लक्षात आलं की डांबर कुठे बदललं, कुठे ओल आहे, पुढच्या चाकाची पकड कुठे संपत आली, हे सगळं डोळ्यांच्या आधी हातांना कळतंय.

आणि आता ती ऐकीव गोष्ट, जिला सगळे घाबरतात. वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर जाऊ पाहते. ही गोष्ट खोटी नाही, त्या रचनेतच ती आहे. पोर्शेने १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २२११वरून २२६८ मिलिमीटर केला, तो बऱ्याच अंशी याच कारणाने. ३.२मध्ये हा स्वभाव पुष्कळ सौम्य झालेला आहे, पण गेलेला नाही. उपाय साधा आहे. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. गिअरही तिथेच. आत सावकाश शिरायचं आणि वळणाच्या पोटापासून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत बाहेर पडायचं. दाब पडला की मागचे टायर बसकण मारतात आणि गाडी अशी काही रेटत बाहेर निघते की एका वळणासाठी पुन्हा मागे वळून यावंसं वाटतं. ताशी सत्तरला मिळणारा हा आनंद आहे. त्यासाठी कायदा मोडावा लागत नाही, कुणाचा जीव धोक्यात घालावा लागत नाही.

९९२ त्याच वळणांवरून गेली तेव्हा पाऊस लागला होता. पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात आणि रस्ता ओला आहे, वेट मोड लावा, असं समोर दाखवतात. लावला. गाडी इतकी निर्धास्त गेली की मी शेजारच्यांशी घरगुती गप्पा मारत होते. अभियंता म्हणून मला त्या गाडीबद्दल अपार आदर आहे. इंजिन अजून मागेच लटकलेलं असताना हा निर्धास्तपणा आणणं हे कित्येक पिढ्यांचं काम आहे आणि ते करणाऱ्यांपुढे मी हात जोडते. पण उतरल्यावर मला एकही वळण वेगळं आठवेना.

आणखी एक, जे कागदावर असतं पण कुणी वाचत नाही. जुनीची रुंदी १६५२ मिलिमीटर, नवीची १८५२. वीस सेंटिमीटर! गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की हे वीस सेंटिमीटर काय ते कळतं. आपल्या लेनमध्येच डावी-उजवी करायला जुनीला जागा उरते, नवी लेन भरून चालते. वजनातही तीनशे किलोंच्या आसपास फरक आहे.

आता वहिनींचं म्हणणं. त्या पैशांबद्दल बोलताहेत आणि बरोबर बोलताहेत. ९९२ला कंपनीची वॉरंटी विकत घेता येते, सर्व्हिसचा खर्च आधी कळतो. जुनीचा खर्च आधी कळत नाही. किंमत वाढेल या आशेवर ती मुळीच घेऊ नका. घ्यायचीच तर या गाड्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. त्यात कंजूषपणा नको.

काय तपासायचं, तेही सांगते. चेसिस नंबरातलं दहावं अक्षर बघा. ते एच (H) असेल तर गाडी १९८७च्या मॉडेल वर्षाची, आणि तिच्यात जी ५० गिअरबॉक्स व हायड्रॉलिक क्लच. ते अक्षर जी (G) असेल तर गाडी ८६ची आहे, नोंदणी ८७मध्ये झालेली असली तरी, आणि तिच्यात जुना ९१५ गिअरबॉक्स. ९१५ वाईट नाही, पण थंड असताना दुसरा गिअर नाराजीने पडतो आणि घाई केली की सिंक्रो (गिअर जुळवून देणाऱ्या कड्या) खातो. मी जी ५०च घेईन. गिअरच्या मुठीवरही ओळखता येतं. जी ५०मध्ये रिव्हर्स डावीकडे पुढे असतो.

इंजिनमध्ये व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात त्या नळ्या) झिजतात, मग ऑइल जळायला लागतं. सुरू करताना थोडा धूर आला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे आहेत, उभ्या गाडीत त्यांत थोडं ऑइल साचतं. पण गरम गाडी उतारावर सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर दिसला तर विचार करा. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरात हवा भरून ती किती गळते ते बघणं) करायला लावा, आणि सिलिंडर हेड (सिलिंडरवरचं झाकण) धरून ठेवणारे स्टड तुटलेले नाहीत ना ते खालची व्हॉल्व्ह कव्हर काढून बघायला सांगा. इंजिन उघडावं लागलं की हिशेब पाच आकडी युरोंत जातो. जुन्या ९११चे चेन टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारे भाग) बदनाम होते. ३.२मध्ये ऑइलच्या दाबावर चालणारे आले, ती काळजी नको.

पत्रा १९७६च्या मॉडेलपासून दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला आहे, तरी गंज लागतोच. दाराच्या कुलपाच्या खांबाच्या बुडाशी, पुढच्या काचेच्या कोपऱ्यांत आणि पुढे बॅटरीच्या खाली. वरून चकाचक रंग आणि या तीन जागी फुगवटे, अशी गाडी सरळ सोडून द्या.

घेतल्यावरच्या दोन गोष्टी. एक म्हणजे ऑइल बघणं. आपल्याला थंड गाडीत डिपस्टिक बघायची सवय. इथे ते चालत नाही. हिचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, एकूण तेरा लिटरच्या आसपास, आणि इंजिन बंद असताना ते खाली उतरून बसतं. थंड बघाल तर कमी दिसेल, तुम्ही ओताल, आणि जादा ऑइल हवेच्या पाइपात जाईल. गाडी पूर्ण गरम करा, सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि मग बघा. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) मात्र उलट, इंजिन पूर्ण थंड असतानाच, फट मोजायच्या पट्टीने (फीलर गेज) ०.१० मिलिमीटर, दर २० हजार किलोमीटरला. दुसरं, सीटखाली इंजिनच्या संगणकाचा एक छोटा रिले असतो. तो गेला की गाडी जागची हलत नाही. नवा घेऊन एक कायम डॅशच्या खणात ठेवा.

कागदपत्रांत जुनीचा फायदाच आहे. तीस वर्षं झालेल्या आणि मूळ स्थितीतल्या गाडीला जर्मनीत एच नंबर प्लेट (ऐतिहासिक गाडीची) मिळते. वर्षाचा कर सरसकट १९१ युरो आणि वर काही सेंट, आणि स्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात (जिथे जास्त धूर करणाऱ्या गाड्यांना बंदी असते) शिरायला स्टिकर लागत नाही. ही प्लेट ठरावीक महिन्यांपुरतीही घेता येते. एप्रिल ते ऑक्टोबर घ्या, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ या गाडीचं वाटोळं करतं. जुन्या गाडीचा विमा देणाऱ्या कंपन्या बहुधा रोजची वेगळी गाडी आहे का ते विचारतात. ती तुमच्याकडे आहेच.

मुलीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. मागची सीट नावापुरती, आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायची सोय) नाही, एअरबॅग नाही. तिला या गाडीतून हिंडवू नका, अगदी हट्ट धरला तरी. ती मोठी होईपर्यंत गाडी तुम्हा दोघांची.

पैसे देण्याआधी दोन्ही गाड्या वहिनींनाही चालवू द्या, निदान तासभर, त्याच रस्त्यावर. त्या जुनी नको म्हणाल्या तर त्यांचं ऐका. वर्षातून चार वेळा बाहेर निघणारी आणि घरात वाद लावणारी ९११ घेण्यापेक्षा दोघं मिळून चालवाल अशी ९९२ बरी.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. पोर्शेने एअर-कूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन इतकी वर्षं चालवलं, मग बंद का केलं? त्यात कमी काय होतं?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चांगला प्रश्न. १९६३ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ दाखवली तेव्हा तिचं इंजिन २ लिटर आणि १३० अश्वशक्तीचं होतं. तीच रचना वाढत वाढत ९९३ मॉडेलपर्यंत आली आणि १९९८ला थांबली. कारणं दोन, आणि दोन्ही सिलिंडर हेडपाशी येतात.

ताकद वाढवायची आणि धूर कमी करायचा तर एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत. चार व्हॉल्व्ह म्हणजे हेडमध्ये दोन एक्झॉस्ट पोर्ट (जळलेला वायू बाहेर जाण्याच्या वाटा) शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामधली धातूची अरुंद पट्टी सगळ्यात तापलेली. तिथपर्यंत पंख्याची हवा पुरेशी पोहोचवता येत नाही, पाणी पोहोचतं. पोर्शेच्याच ९५९ गाडीत यावर तोड काढली होती. हेड पाण्याने थंड आणि सिलिंडर हवेने. त्यावरून अडचण नेमकी कुठे होती ते तुझ्या लक्षात येईल. दुसरं कारण आवाजाचं. पाण्याचं आवरण आवाजही गिळतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) उघड्या, वर पंख्याचा आवाज वेगळा. आवाजाचे नियम कडक होत गेले तसं हे जमेना.

कॉलेजात स्कूटरचं इंजिन उघडायला मिळालं तर फिन्सची जाडी आणि त्यांच्यामधलं अंतर मोजून बघ. मग तेच सहा सिलिंडरांसाठी, बंद जागेत, कसं करावं लागेल याचा विचार कर. पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९७१ची फियाट आहे, अजून रोज चालते. पन्नास वर्षं झाली म्हणून विंटेज नोंदणी करून घ्या असं एकाने सुचवलं. नवी गाडीही दारात आहे, पण वडील फियाटनेच मंडईत जातात. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वडील मंडईत जातात ना, मग करू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती नाही.

तुमची नेहमीची नोंदणी चालू ठेवा आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करत राहा. मुदत संपायच्या आत आरटीओत जा, उशीर झाला की विलंबशुल्क लागतं. तपासणीआधी ब्रेक आणि दिवे बघून घ्या. वडिलांच्या वयाचा विचार करून ब्रेकची रबरं आणि होज पाइप तर या महिन्यातच बदला, जुने चांगले दिसत असले तरी.